लंगकावीत जुन्या मलय घरात राहायचं का? (अनुभव आणि शंका)

भटकभवानी

मलेशियाच्या सगळ्या धाग्यांवर ट्विन टॉवर, बाटू केव्हज, गेंटिंग आणि शेवटी लंगकावीची केबल कार एवढंच येतं, म्हणून म्हटलं हे वेगळं टाकावं. जानेवारीअखेर आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई असे लंगकावीला जाऊन आलो आणि हॉटेलात न राहता जुन्या लाकडी मलय घरात राहिलो. घर म्हणजे खरंच घर हां, रिसॉर्टसाठी 'तसं दिसणारं' नवं कॉटेज नाही. लंगकावी केदाह राज्यात येतं, त्याच राज्यात पलीकडे मुख्य भूमीवर कुठल्याशा गावात हे घर शंभरेक वर्षं उभं होतं, ते सुटं करून बोटीने बेटावर आणलं आणि परत जोडलं. अशी मोजकी घरं एका आवारात, मध्ये पोहायचा लहानसा तलाव, एक जेवायची जागा, संपलं रिसॉर्ट. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारही करणार आहे, व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पण विचारू नका प्लीज.

घर खांबांवर, खालून माणूस जरा वाकून सहज पलीकडे जाईल इतकं उंच. पायऱ्यांपाशी मातीचा मोठा रांजण आणि त्यात करवंटीचं ओगराळं, पाय धुवायचे आणि चप्पल खालीच काढून वर जायचं. सासूबाईंना हे इतकं पटलं की नंतर दिवसभर हॉटेलवाल्यांचं कौतुक. वर गेलं की आधी लांबट ओसरी, तिला सेरांबी म्हणतात, तीन बाजूंनी लाकडी गज आणि बसायला नुसती चटई. मग मुख्य खोली, रुमा इबू. खिडक्या पार जमिनीपासून सुरू होतात कारण माणसं खालीच बसायची, त्यामुळे चटईवर बसलं की वारा बरोबर अंगावर. भिंतींच्या वरच्या पट्ट्यात कोरीव जाळ्या. आणि खिळा कुठे म्हणून नाही.

पहिल्या रात्री मला झोप येईना, मोबाईलचा टॉर्च मारून सांधे बघत बसले. तुळई खांबाच्या पोटातून आरपार जाते, पलीकडे चार बोटं बाहेर येते आणि त्या बाहेर आलेल्या टोकात एक लाकडी पाचर ठोकलेली. बास. पाचरीची डोकी ठोकून ठोकून चपटी झालेली. तुळईच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात आकडे पण सापडले, सुटं करताना घातलेले, कुठला तुकडा कुठे जातो त्याचे. नवऱ्याला उठवून दाखवले तर तो म्हणे झोप आता.

आता तक्रार. एसी. घर सगळं वाऱ्यासाठी बांधलेलं, आणि एसी लावायचा म्हणून वरच्या जाळ्यांना आतून ॲक्रिलिकच्या शीटा, फळ्यांच्या फटी प्लायवूडने बंद. एसी चालू असेपर्यंत ठीक, बंद केला की अर्ध्या तासात कोंदट. म्हणजे घराचं नाकच दाबून ठेवलंय. मी रिसेप्शनला विचारलं एखादी शीट काढता येईल का, तर अतिशय गोड हसून नाही म्हणाले, बाकीचे पाहुणे म्हणे एसी नसेल तर बुकिंगच करत नाहीत. ते पण खरंच असेल म्हणा.

फोटो टाकते. अजून कुणी राहिलंय का अशा ठिकाणी?

आळशी_बोका

फोटो कुठंयत? फोटोशिवाय प्रवासवर्णन फाऊल धरण्यात येईल.

तिखटमीठ

मस्त लिहिलंयस! पण पैशाचं बोल की. आणि संडास-बाथरूम कुठे? जुनं घर म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, माझ्या आजोळच्या आठवणी फार भयंकर आहेत.

भटकभवानी

@तिखटमीठ, स्वस्त नाही. पांताई चेनांगच्या किनाऱ्यावर साध्या गेस्टहाऊसमध्ये जे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट, समुद्रावरच्या मोठ्या रिसॉर्टच्या तोडीस तोड म्हण. शिवाय परदेशी माणसांना दर खोली दर रात्री १० रिंगिटचा पर्यटन कर वेगळा, तो बहुतेक ठिकाणी तिथेच हातात घेतात, बुकिंगमध्ये दिसत नाही. बाथरूम मागच्या बाजूला नवीन जोडलंय, एकदम झकास, अर्धं छप्पर उघडं, अंघोळ करताना वर झाड दिसतं. सासूबाई म्हणाल्या माकड डोकावलं तर? आणि तिथे माकडं आहेत हो भरपूर, खिडकीत केळी ठेवायची नाहीत असं पहिल्याच दिवशी सांगतात.

वाशे_आडं

वा, हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजतो. व्यवसायाने वास्तुविशारद, रत्नागिरीकडचा, आणि लाकडी घरांचं वेड. थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मलय घराची गंमत अशी की ते मुळात सुटं होण्यासाठीच बांधलेलं असतं. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडाच्या नाहीतर सिमेंटच्या पायथ्यावर नुसते टेकवतात, त्यामुळे ओल आणि वाळवी वर चढत नाही. वरचा सगळा सांगाडा खाच, कूस आणि पाचर यावर. हवेत दमटपणा बदलला की लाकूड फुगतं-आकसतं आणि सांधा त्याच्याबरोबर जरासा हलतो, खिळा असता तर गंज धरून लाकूडच फाडलं असतं. लाकूड चेंगाल. हे झाड मलय द्वीपकल्पातलंच, अतिशय जड, सहसा वाळवी लागत नाही, आता फार महाग झालंय. म्हणूनच जुनी घरं शोधत व्यापारी फिरतात, घरासाठी कमी आणि फळ्यांसाठी जास्त.

मापं अंगाची. वाव (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) आणि हात. आणि वाव घ्यायची ती घरधनीणीची, म्हणजे बाई उंच तर घर मोठं. हे मला फार आवडतं. आपल्याकडे सुताराचा गज, तिथे बायकोचे पसरलेले हात.

मधला एक खांब मुख्य, तियांग सेरी, तो आधी उभा करायचा, त्याचे विधी असतात. मुख्य घर आणि स्वयंपाकघर वेगळं, दोन्हींमध्ये एक बोळ नाहीतर उघडा चौथरा, त्याला सेलांग. आग लागली तर स्वयंपाकघर जळेल, घर वाचेल हा एक फायदा, आणि बायकांना मागच्या मागे ये-जा करायला वाट हा दुसरा. @भटकभवानी, तुमच्या घराला स्वयंपाकघर होतं का?

भटकभवानी

नव्हतं!! आत्ता लक्षात आलं. मागे जिथे बाथरूम आहे तिथेच असणार ते.

वाशे_आडं

वाटलंच मला. मी पाहिलेल्या अशा बहुतेक घरांत तेच झालंय. स्वयंपाकघराचं लाकूड हलकं, धुराने काळं, जमीन बांबूच्या नाहीतर पोफळीसारख्या नीबोंग झाडाच्या पट्ट्यांची, फटी ठेवलेली म्हणजे पाणी खाली जातं. ते कुणी आणत नाही. सुंदर कोरलेलं पुढचं घर येतं आणि जिथे खरं घर चालायचं तो भाग गावातच पडून सडतो.

सडेतोड_अप्पा

छान छान लिहिलंय सगळं पण एक विचारू? कुणाचं तरी बापजाद्यांचं घर उचलून आणायचं, त्यात मऊ गाद्या टाकायच्या, एसी लावायचा आणि युरोपियन पाहुण्यांना 'अस्सल' म्हणून विकायचं, याला जतन म्हणतात? उद्या आमच्या वाड्याची ओसरी कुणी दुबईला नेऊन कॉफी शॉप काढलं तर आपण टाळ्या वाजवणार का? घर म्हणजे नुसते खांब नसतात, अंगण असतं, शेजार असतो, विहीर असते. गावातून उपटलं की राहतं ते फर्निचर.

तिखटमीठ

अप्पा आले, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसते.

क्लांगचा_राजा

नमस्कार, बरीच वर्षं मलेशियात आहे (क्वालालंपूरच्या शेजारी क्लांगला), सहसा वाचूनच जातो पण अप्पांसाठी लिहिणं भाग आहे.

अप्पा, तुमचा मुद्दा आपल्या वाड्याला लागू पडेल, वाडा जागचा हलत नाही. मलय गावात घर हलवणं ही रोजची नाही पण ओळखीची गोष्ट होती. अख्खं गाव जमतं, खालून बांबू बांधतात, पन्नास-शंभर माणसं खांदा देतात आणि घर जसंच्या तसं उचलून पलीकडच्या वाडीत. याला उसुंग रुमा म्हणतात, यूट्यूबवर व्हिडिओ सापडतील, म्होरक्या ओरडतो आणि घर चालायला लागतं. जमीन दुसऱ्याची, घर आपलं, अशी पद्धत अनेक ठिकाणी. लेकाला वाटा दिला तर घराचा एक भाग सुटा करून नेला असंही होतं. त्यामुळे 'उपटलं' हा शब्द तिथे तितका बसत नाही.

दुसरं, कोण उचलून आणतं ते बघा. गावातली पोरं पेनांगच्या फॅक्टऱ्यांत नाहीतर केएलला (क्वालालंपूरला). म्हातारी गेली की घर बंद. नीपाच्या झावळ्यांचं छप्पर दर काही वर्षांनी बदलावं लागतं, तसं ते शाकारणारी माणसं राहिली नाहीत म्हणून पत्रा घालतात, पत्र्याने घर तापतं, मग कुणी राहत नाही. शेजारी सिमेंटचा बंगला होतो आणि चेंगालच्या फळ्या कुणी टेबलं करायला घेऊन जातो. रिसॉर्टवाल्याने नेलं नसतं तर ते घर गावात नांदलं असतं हा तुमचा समज आहे.

आता कुणाला नावं हवी असतील तर, मी ज्यांच्याबद्दल चांगलं बोलू शकतो ती. लंगकावीत बॉन टॉन हे यातलं सगळ्यात जुनं नाव, १९९० च्या दशकातलं, नारळाच्या जुन्या बागेत मलय घरं. त्याच्या शेजारीच टेंपल ट्री, तिथे नुसती मलय नाहीत, द्वीपकल्पातल्या वेगवेगळ्या समाजांची जुनी घरं आणलीत, चिनी, वसाहतकाळातली, मळेवाल्यांची. दोन्हींच्या मिळकतीतून बेटावरच्या कुत्र्यामांजरांसाठी निवारा चालतो, लॅसी नावाचा, त्यामुळे आवारात मांजरं मुक्त फिरतात. मांजराची ॲलर्जी असेल तर तिकडे जाऊ नका.

बेट नको असेल तर पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानूत सेतिऊजवळ तेरापुरी. तिथली घरं तेरेंगानू पद्धतीची, छपराच्या टोकाच्या फळ्या वळलेल्या, आणि त्या बाजूला सिंगोरा कौलं असतात, पातळ, बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. तिथून बेटांवर बोटी जातात, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून असतो, तेव्हा ती बाजू विसरा.

आळशी_बोका

शंभर माणसं घर उचलतात?? आणि आत चहाचा कप ठेवला तर सांडतो का?

क्लांगचा_राजा

कप काय, मी एका व्हिडिओत आत बसलेली आजी बघितलीय. हात हलवत होती.

सडेतोड_अप्पा

@क्लांगचा_राजा, उसुंग रुमाचं माहीत नव्हतं, भारी आहे ते. पण गावाने खांद्यावर नेलेलं घर परत त्याच माणसांचं असतं. इथे गावचा शंभर माणसांचा खांदा गेला आणि क्रेन आली. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर बोलणं खुंटलं. आणि सेरांबीवर बसून शेजारी गप्पा मारायला यायचे ना? आता तिथे 'प्रायव्हसी प्लीज'ची पाटी.

कुणकेश्वरी

अप्पांचं आणि राजांचं दोघांचं पटतंय मला आणि त्याचा त्रास होतोय. देवगडकडे आमचं चुलत घराण्याचं घर होतं, माजघर, पडवी, मागे पुढे नुसतं फणस आणि सागवान. वाटण्यांवरून तीस वर्षं कुणी दुरुस्ती केली नाही, शेवटी कोल्हापूरकडचा एक व्यापारी आला, घनफुटाने भाव ठरला, दोन ट्रक. खांब वेगळे, वासे वेगळे, कोरीव गणेशपट्टी वेगळी. कुठे गेलं ते कुणाला ठाऊक नाही. त्यापेक्षा कुणी अख्खं उचलून एका जागी उभं केलं असतं आणि त्यात अगदी गोरा माणूस झोपला असता तरी मला चाललं असतं. किमान मी पैसे भरून एक रात्र राहिले असते.

आणि हे काही फक्त मलेशियात नाही. केरळात कुमारकोमला कोकोनट लगूनमध्ये अशीच जुनी तरवाडं, म्हणजे तिकडची घराण्याची घरं, सुटी करून आणून जोडलीयत. चेन्नईजवळ दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतल्या राज्यांची घरं उभी केलीयत, तिथे राहायचं नाही पण बघायला मुलांना जरूर न्या. कोकणात मात्र अख्ख्या घरापेक्षा त्याचे तुकडेच जास्त विकले जातात, दरवाजा पुण्याच्या हॉटेलात, खांब गोव्यातल्या बंगल्यात.

वाशे_आडं

@कुणकेश्वरी, आपलं घर जांभ्यात आणि मातीत अडकलेलं असतं, लाकूड निघतं, घर नाही निघत. केरळची घरं बरीचशी पूर्ण लाकडी म्हणून हलवता आली. मलय घर तर सर्वात सोपं. बांधणीच ठरवते पुढे काय होणार ते.

@अप्पा, क्रेनचं म्हणाल तर सुतार लागतातच. घर सुटं करताना पाचरी उलट्या क्रमाने काढाव्या लागतात, आणि ते माहीत असलेले जुने सुतार केदाहात आता फार थोडे उरलेत असं तिथल्या लोकांकडून ऐकलंय. अशा कामांमुळे त्यांच्या हाताला काम राहतं आणि एखादं पोर शिकतं. म्युझियमच्या घराला दहा-वीस वर्षांत एकदा हात लावतात, राहत्या घराला दर पावसाळ्यानंतर.

तिखटमीठ

म्युझियमवरून आठवलं, ज्यांना एवढे पैसे टाकायचे नाहीत त्यांनी काय करावं? बघायला मिळतं का कुठे?

क्लांगचा_राजा

मिळतं की. केएलमध्ये जालान स्टोनरला रुमा पंघुलू अबू सेमान आहे. केदाहातल्या महांग भागातल्या एका गावमुखियाचं घर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत टप्प्याटप्प्याने बांधलेलं, पडायला आलं होतं, तिथल्या वारसा संस्थेने, बदान वारिसान मलेशियाने, १९९० च्या दशकात आणून जोडलं. ट्विन टॉवरपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि आपल्या टूरवाल्यांच्या यादीत कधीच नसतं. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

लंगकावीतच महसुरीच्या कबरीच्या आवारात पण एक पारंपरिक घर ठेवलंय. महसुरीची गोष्ट माहीत असेलच, व्यभिचाराचा खोटा आळ, भोसकून मारलं, पांढरं रक्त आलं आणि तिने बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला. काळ १८१९ च्या आसपासचा सांगतात. मग १८२१ मध्ये सयामी फौजांनी केदाहवर स्वारी केली, बेटावर लोकांनी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तांदूळ जाळला, पदांग मत्सिरातला ती जळक्या तांदळाची जागा अजून दाखवतात. शाप १९८० च्या दशकात संपला असं धरतात आणि १९८७ मध्ये सरकारने बेट ड्युटी फ्री केलं. योगायोग म्हणा.

आळशी_बोका

शाप संपला आणि दारू स्वस्त झाली. काय पण बेट आहे.

पोटोबा

सगळे खांब आणि तुळयांवर बोलतायत, कुणी जेवणाबद्दल एक शब्द नाही. शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

भटकभवानी

@पोटोबा, सासूबाई पूर्ण शाकाहारी, त्यामुळे मी आता तज्ज्ञ आहे. अडचण मासे-मटणाची नाही, ते दिसतं. अडचण बेलाचानची, म्हणजे कोळंबी आंबवून केलेली वडी, ती संबळमध्ये (मिरचीच्या चटणीत) असते आणि भाजीच्या परतणीत पण पडते. 'व्हेज' म्हणून आलेल्या कांगकुंगच्या भाजीला सोडे परतल्याचा वास येतो ना तो तोच. नासी लेमाकवर (नारळाच्या दुधातल्या भातावर) सुके मासे असतात, ते बाजूला काढून चालत नाही कारण संबळ राहतंच. सकाळी रोती चनाई बेस्ट, मैद्याची पापुद्र्यांची पोळी आणि डाळ, पण डाळीत मटणाचा रस्सा ओतत नाहीत ना हे विचारून घ्या, काही ठिकाणी मिसळून देतात. कुआह या मुख्य गावात आणि चेनांगला तमिळ हॉटेलं आहेत, तिथे निर्धास्त. आम्ही रिसॉर्टवाल्यांना आधी मेल करून सांगितलं होतं तर सकाळी नारळाच्या दुधातला भात, काकडी, शेंगदाणे आणि बिनमाशांचं संबळ वेगळं करून दिलं, सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी गावोगाव फिरता रात्रबाजार भरतो, रोज वेगळ्या गावात, तिथे केळफुलासकट सगळी ओळखीची भाजी दिसते आणि केळ्याची भजी गरमागरम.

पोटोबा

केळ्याची भजी! बुकिंग करतो.

निवांत_नाना

वाचतोय. मी सप्टेंबरात गेलो होतो, चुकीचा महिना असं सगळे सांगत होते, आणि पाऊस होताच. लंगकावी पश्चिम किनाऱ्यावर असल्याने डिसेंबर ते मार्च कोरडं, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओला. पण मला सांगायचंय की अशा घरात राहायचं तर पावसात जा. आमच्या घराला नीपाचं छप्पर होतं. पत्र्यावर तडतडतं तसं नाही, एक भरीव आवाज येतो, बोलता येतं त्यात. वळचण इतकी खाली उतरलेली की सेरांबीवर बसून पाय ओला होत नाही आणि समोर पाण्याचा पडदा. घराखाली कोंबड्या येऊन उभ्या राहिल्या, फटींतून त्यांचा कलकलाट वर. आमच्याकडे एसी नव्हता, पंखा आणि मच्छरदाणी, आणि खरं सांगतो गरज पडली नाही. उकाडा जाणवला तो दुपारी एकदा, पाऊस थांबल्यावर.

बोटी, केबल कार सगळं बंद पडत होतं अधूनमधून, ज्याला 'पॉइंट' करायचेत त्याने जाऊ नये.

भटकभवानी

नाना, नाव सांगा त्या जागेचं, एसी नसलेलं मला हवंच होतं.

निवांत_नाना

व्यनि केलाय. मालकाने अजून एसी बसवला नसेल तर.

भटकभवानी

मिळाला, धन्यवाद!

आणि अप्पा, तुमच्या प्रश्नावर मी तेव्हापासून विचार करतेय. मला वाटतं घर हलवलं यात बिघडलं काही नाही, राजांनी सांगितलं तसं ती घरं हलायचीच. माझं दुखणं वेगळं आहे. स्वयंपाकघर सोडून आणलं, जाळ्या बंद केल्या, म्हणजे घर ज्या दोन गोष्टींवर चालायचं, चूल आणि वारा, त्याच काढल्या. मग राहतो तो कोरीवकामाचा डबा. नानांच्या घरात निदान वारा तरी होता. हॉटेलवाल्यांनी एखाद्या घराचं स्वयंपाकघर आणून तिथे सकाळचा नाश्ता करून दाखवला ना, तर मी जास्त पैसे देईन.

सडेतोड_अप्पा

हे पटलं. पण 'जास्त पैसे देईन' म्हणालात तिथेच तुम्ही हॉटेलवाल्याला पुढच्या वर्षीची आयडिया दिली, 'ऑथेंटिक किचन एक्सपिरियन्स' म्हणून. जाऊ दे. ते एसी नसलेलं ठिकाण मला पण कळवा, बायको मागे लागलीय.

तिखटमीठ

अप्पा बुकिंग करणार!! स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

कुणकेश्वरी

माझा साधा प्रश्न, आई पंच्याहत्तरची, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. जमेल का? आणि व्हिसाचं काय चालूय सध्या?

क्लांगचा_राजा

व्हिसा: भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत लागत नाही, पण ही सवलत मुदत वाढवत वाढवत चालते, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी साइटवर एकदा बघाच. डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या नकली साइट आहेत त्यांच्या नादी लागू नका. केएलहून लंगकावी विमानाने तासभर. बेटावर बस जवळपास नाहीच, ग्रॅब (ॲपवरून बोलवायची टॅक्सी) नाहीतर भाड्याची गाडी. केदाहात शुक्रवार-शनिवार सुट्टी, तेव्हा स्थानिक गर्दी आणि दर दोन्ही जास्त.

आणि समुद्रात पोहणार असाल तर जेलीफिशची पाटी लावलेली असेल तिथे उतरू नका, तिथली बॉक्स जेलीफिश गंमत नाही.

भटकभवानी

@कुणकेश्वरी, पायऱ्या हाच खरा प्रश्न आहे. आमच्या घराला सात-आठ होत्या, उभ्या, लाकडी, कठडा एकाच बाजूला. सासूबाई बाजूने, एकेक पायरी करत चढायच्या, दिवसातून दोनदाच. वर एकदा पोचल्या की काही त्रास नाही, पण उंबरे उंच आहेत आणि मुख्य खोलीतून बाथरूमकडे जाताना परत दोन पायऱ्या खाली, जुनं स्वयंपाकघर खालच्या पातळीवर असायचं म्हणून. रात्री उठायचं तर तिथे दिवा लावून ठेवायचा. बुक करताना सरळ लिहून विचार, सर्वात बुटक्या खांबांचं घर कुठलं आणि बाथरूम त्याच पातळीवर आहे का, ते फोटो पाठवतात. कठडा दोन्ही बाजूंना हवा असेल तर तेही विचार, एका घराला होता असं मला आठवतंय, पोहायच्या तलावाशेजारच्या.

कुणकेश्वरी

हे कुणी सांगितलं नसतं. आत्ताच मेल टाकते.

आळशी_बोका

फोटो???

भटकभवानी

अरे हो! साइट पाच एमबीच्या वरचे घेत नाहीये, लहान करून रविवारी टाकते. पाचरीचा पण टाकते, वाशे_आडं यांच्यासाठी.